उत्तर: उत्तर: दृष्टी-संशोधन पुरस्कार – पैसे ठाण्याला पोचेनात

खजिनदार:
मंडळी, होतकरू दृष्टी-संशोधकांच्या पुरस्कारासाठी आपल्या इथल्या परदेशातल्या मंडळाने जमवलेली रक्कम घ्यायला ठाण्यातल्या नौपाड्याच्या ट्रस्टने नकार दिलाय. परदेशी देणगी घ्यायला लागणारी एफसीआरए नोंदणी नाही म्हणे. अर्ज आलेत, जानेवारीत दोघांना पुरस्कार द्यायचाय आणि पैसे इथेच पडून. सुचवा. हॉलचं नंतर बोलू.

बंडूदादा:
गणपतीच्या मीटिंगमध्ये मी हेच म्हणालो होतो, इतिवृत्त काढून बघा. नोंदणीला संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख खर्च झालेला हवा. आपल्या ट्रस्टचा खर्च म्हणजे चष्मेवाटप आणि चहा. 'दुसऱ्या नोंदणी असलेल्या संस्थेकडे पाठवू, ती ट्रस्टला देईल' हेही नको. २०२० च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. शिवाय परदेशी देणगी आधी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेतल्या खात्यातच उतरते.

नाना:
एवढा व्याप कशाला? आर्व्हो या दृष्टी-संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या फाउंडेशनला द्या. आर्व्हो १९२८ पासूनची, आणि फाउंडेशन नवख्या संशोधकांसाठी दात्यांच्या नावाचे पुरस्कार देतं.

पमाताई:
नाना, मग ठाण्यात गडकरी रंगायतनात कार्यक्रम कुणाचा करायचा? आईच्या नावाने आहे हे. तिचा काचबिंदू कुणाला कळलाच नाही. दुखत नाही, खुपत नाही, कडेची नजर आधी जाते. तलावपाळीला शेजारून चाललेला माणूस दिसेना तेव्हा आम्ही म्हटलं, वय झालं. तिच्या नावाने ठाण्याच्या, नव्या मुंबईच्या मुलांनी काम करावं एवढंच मागणं आहे. आणि अर्जाला ३५ ची वयाची अट कुणी टाकली? मला विचारलं नव्हतं.

बंडूदादा:
'होतकरू' म्हटल्यावर वयाची अट नको?

डॉक्टर (खारघर):
बंडू, हिशेब कर. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, एमएस तीन, फेलोशिप दोन. मध्ये प्रवेशपरीक्षेत एखादं वर्ष जातंच. पुढे पीएचडी केली की ३५ उलटलीच. त्यात मुलीचं बाळंतपण आलं तर ती आधीच बाद. आर्व्होचा कोगन पुरस्कार ४५ पर्यंतच्यांना देतात. आपण वय काढून टाकू. पीएचडी किंवा एमएसनंतरची सात वर्षं मोजू, सुट्टीची वर्षं वजा करून. आणि निवड समितीत दात्याच्या घरचं कुणी नको. पमाताई, राग मानू नका.

पमाताई:
राग कसला. पण निकाल लागण्याआधी मला कळवायचं, हे ठरलं होतं.

माई (वाशी):
वयाचं राहू दे, पैशाचं बघा. बंडूने अर्धंच सांगितलं. आयुष्य बँकेत गेलंय माझं. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँकमार्गाने दिलेली देणगी परदेशी धरत नाहीत, मग तो राहो कुठेही. ओसीआयवाला, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेला मूळचा भारतीय, मात्र पाचपाखाडीत जन्मलेला का असेना, कायद्याच्या लेखी परदेशीच. मंडळाचं खातं तर परदेशी संस्थेचं, ते विसराच. ज्याचे त्याचे पैसे परत करा आणि भारतीय पासपोर्टवाल्यांनी आपापल्या खात्यातून थेट ट्रस्टला द्या. ट्रस्टने प्रत्येकाच्या पासपोर्टची प्रत फाइलला लावावी.

बंडूदादा:
हेच म्हणणार होतो.

नाना:
कार्यक्रम गडकरीत की वाशीला भावे नाट्यगृहात? पार्किंगचं बघा बुवा.

खजिनदार:
माई, आभार. रविवारपर्यंत प्रत्येकाने पासपोर्ट भारतीय की ओसीआय, एवढं फक्त मला कळवा. सगळ्यांना उत्तर पाठवू नका. नाना, हॉल नंतर.

वहिनी:
माझा भारतीय, ह्यांचा ओसीआय. खातं जॉइंट आहे. मग?