मजकुराचे एनममध्ये रूपांतर: एक जेनेरिक फंक्शन पुरेसे आहे का?

धागाकर्ता: सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेतील एका जुन्या प्रकल्पात मजकुरावरून एनम (ठरावीक नावांची यादी, प्रत्येक नावामागे एक अंक) मिळवणारी ११ फंक्शने मला सापडली, रचना सगळ्यांची तीच, फक्त एनमचे नाव वेगळे. ती सगळी काढून मी एकच जेनेरिक फंक्शन (वेगवेगळ्या प्रकारांसाठी चालणारे, प्रकाराच्या जागी टी हे अक्षर) लिहिले आणि टी हा प्रकार एनमच असला पाहिजे अशी अट त्याला घातली. २०१८ च्या ७.३ आवृत्तीपासून ही अट थेट लिहिता येते. त्याआधी स्ट्रक्ट आणि आयकन्व्हर्टिबल या जास्त सैल अटींवर भागवावे लागे, त्यामुळे कोणी टीच्या जागी इंट (साधा पूर्णांक) दिला तरी कंपायलर हूं की चूं करत नसे. फंक्शनच्या आत मजकुराची किंमत करून पाहणारे एनम.ट्रायपार्स आणि त्यानंतर ती किंमत एनममध्ये आहे का हे बघणारी एनम.इजडिफाइन्डची तपासणी आहे. प्रत्येक एनमसाठी जुन्या फंक्शनांसारखे वेगळे स्विच (मजकूर एकेका नावाशी ताडून किंमत देणारा कोड) लिहिण्याचे मला आता काहीच कारण दिसत नाही.

पहिला प्रतिसाद: कारण आहे, आणि ते तुमच्याच फंक्शनमध्ये दडलेले आहे. अर्जाच्या स्थितीचा एनम घ्या: प्रलंबित ०, मंजूर १, नामंजूर २, रद्द ३. ट्रायपार्सला "५७" हा मजकूर दिला तरी तो यशस्वी झाल्याचे सांगतो. तो इजडिफाइन्डने अडवला जाईल, हे मान्य. पण "मंजूर, नामंजूर" असा मजकूर आला तर स्वल्पविरामाने जोडलेली नावे बिटनिहाय (अंकांच्या द्विमान रूपांतील १ एकत्र करून) जोडली जातात, एनमवर फ्लॅग्ज, म्हणजे किमती एकत्र करता येतात अशी खूण, लिहिलेले नसले तरीही. १ आणि २ मिळून ३ होतात, ३ ही किंमत एनममध्ये आहेच, त्यामुळे तपासणीही पार पडते आणि अर्ज निमूटपणे रद्द होतो. हाताने लिहिलेल्या कंटाळवाण्या स्विचमध्ये असे कधीच घडले नसते.

धागाकर्ता: स्वल्पविरामाचा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला होता, हे कबूल करतो. मात्र त्यात दोष ट्रायपार्सचा आहे, जेनेरिकचा नाही. जेनेरिक स्थिर वर्गात गेटनेम्सने मिळणाऱ्या एनममधील नावांवरून नाव आणि किंमत यांची डिक्शनरी (जोड्यांची यादी) तयार केली, तर प्रत्येक टीसाठी ती स्वतंत्र राहते, एकदाच भरली जाते, आणि त्यात "५७" किंवा स्वल्पविरामाची जोडी सापडणारच नाही. चूक दुरुस्त करण्याची जागाही एकच राहते, ११ नव्हे.

दुसरा प्रतिसाद: जावा भाषेतील व्हॅल्यूऑफ असेच वागते: नाव अक्षरशः जुळले तरच किंमत मिळते, नाहीतर इल्लीगलआर्ग्युमेंट एक्सेप्शन (काम थांबवणारी त्रुटी). (जावात प्रोग्रॅम चालताना टी कोणता हे पुसलेले असते, म्हणजे टाइप इरेजर, त्यामुळे वर्ग वेगळा द्यावा लागतो, ही कटकट आहेच.) तरीही माझा विरोध कायम आहे, कारण खरा प्रश्न बाहेरचा मजकूर आणि कोडमधील नाव यांना एकमेकांशी जखडून टाकण्याचा आहे. कोणी एडिटरमध्ये "नामंजूर"चे नाव बदलून "फेटाळलेला" केले, तर कोड विनातक्रार कंपाइल होतो आणि डेटाबेसमधील जुन्या नोंदी वाचता येईनाशा होतात. स्विचमध्ये बाहेरचा मजकूर अवतरणचिन्हांत तसाच राहतो. नाव बदलणाऱ्याचा त्याला धक्का लागत नाही.

धागाकर्ता: त्यासाठी प्रत्येक सदस्यावर एनममेंबर ॲट्रिब्यूट (कोडवर लावायची माहितीची खूण) लावून बाहेरचा मजकूर तिथेच नोंदवता येतो आणि डिक्शनरी त्यावरून भरता येते.

दुसरा प्रतिसाद: येते, पण ते ॲट्रिब्यूट एखाद्या सदस्यावर लावायचे राहून गेले तर कंपायलर तुम्हाला काहीच सांगणार नाही, तेव्हा ते नसल्यास मूळ नाव न वापरता डिक्शनरी भरतानाच एक्सेप्शन टाका, मग मी माझे स्विच पुसायला तयार आहे.