ऑनर सोसायटीचं निमंत्रण आलंय, पैसे भरावेत का? (अमेरिका, स्कूल काउन्सेलिंग)

रानजाई
नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत स्कूल काउन्सेलिंगचं, म्हणजे शाळेतल्या समुपदेशनाचं, मास्टर्स करतेय, एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर. पहिलं सेमिस्टर संपलं, जीपीए (गुणांची सरासरी, 4 पैकी) 3.8 आला. त्यानंतर दोन ई-मेल आल्या. एक आमच्याच विभागातल्या प्राध्यापकांची: 'काय सिग्मा आयोटा' (Chi Sigma Iota), म्हणजे सीएसआय, ही चांगले गुण मिळवणाऱ्यांची ऑनर सोसायटी, तिच्या आपल्या विद्यापीठातल्या चॅप्टरसाठी, म्हणजे शाखेसाठी, तू पात्र आहेस, इच्छा असेल तर अर्ज कर. दुसरी एका भारदस्त नावाच्या 'राष्ट्रीय' सोसायटीची. तुमची खास निवड झाली आहे, 48 तासांत फी भरा, सोबत फ्रेम केलेलं सर्टिफिकेट हवं असेल तर त्याचे वेगळे. विभागात कुणी हे नावच ऐकलेलं नाही.
त्यात वर्गातली एक मैत्रीण मागे लागलीय की आमच्या काउन्सेलिंग क्लबची खजिनदार हो. घरी आईबाबांचं म्हणणं, सर्टिफिकेट मिळतंय ना, मग दोन्हीकडे भर. इथे मी भाजी घेतानाही डॉलरचा हिशोब करते! नोकरी मिळवताना याचा खरंच उपयोग होतो का? आणि एफ-1 वर असं पद घेतलेलं चालतं का?

पाटीपेन्सिल
एक पैसा भरू नका. ग्रीक अक्षरं लावायची आणि परदेशी विद्यार्थ्यांकडून डॉलर उकळायचे, हा धंदा आहे. माझ्या भाच्याच्या रेझ्युमेवर अशा तीन सोसायट्या होत्या, कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

सावरी
पाटीपेन्सिल, तुमचं निम्मं पटलं. दुसरी ई-मेल सरळ कचऱ्यात. पण पहिली त्याच टोपलीत टाकू नका.

मी इथे एका मिडल स्कूलमध्ये काउन्सेलर आहे आणि विद्यार्थिदशेत सीएसआयच्या चॅप्टरची अध्यक्ष होते, म्हणून जरा लांबड लावते. सीएसआय 1985 मध्ये ओहायो युनिव्हर्सिटीत सुरू झाली. काउन्सेलर घडवणाऱ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांपुरतीच आहे, किमान एक सत्र पूर्ण झालेलं लागतं आणि जीपीए किमान 3.5. खरी सोसायटी अशीच कळते: निकष उघड सांगितलेले, चॅप्टर तुमच्या कॅम्पसवर, सल्लागार प्राध्यापक जिच्या ऑफिसचं दार तुम्ही ठोठावू शकता अशी, आणि घाई अजिबात नाही. 48 तासांची मुदत गुणवत्तेला कशाला लागेल? असोसिएशन ऑफ कॉलेज ऑनर सोसायटीज नावाची एक संस्था 1925 पासून आहे, ती अशा सोसायट्यांसाठी मानकं ठरवते. शंका आली तर तिच्या यादीत नाव बघायचं. यादीत नसलेली प्रत्येक सोसायटी खोटी असं नाही, पण सुरुवात तिथून करावी.

आता नोकरीचं. आमच्या शाळेत भरतीच्या पॅनेलवर मला बसवतात. आम्ही आधी बघतो राज्याचं काउन्सेलरचं प्रमाणपत्र आहे का किंवा मिळण्याच्या बेतात आहे का. मग इंटर्नशिप कुठे केली. आणि मग एखादा प्रसंग समोर ठेवतो: सातवीतली मुलगी तुला काहीतरी सांगते आणि म्हणते, आईला सांगू नकोस, तू काय करशील? सोसायटीचं नाव रेझ्युमेच्या तळाशी एका ओळीत असतं. आम्ही ते वाचतो. वाचून विचारतो, तिथे काय केलंस? उमेदवार 'सदस्य होते' म्हणून थांबली की ती ओळ तिथेच संपली. शिक्षकांसाठीची कॅपा डेल्टा पाय तर 1911 मध्ये इलिनॉयला सुरू झालेली, तिच्या मानद सभासदांत जॉन ड्युई आणि आइन्स्टाइन. नावं केवढी! पण मुलाखतीत आइन्स्टाइन काही तुमच्या बाजूने बोलत नाही.

मग मला चॅप्टरचा उपयोग कुठे झाला? इंटर्नशिपची शाळा मिळवताना. केकरेप ही काउन्सेलिंगच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था. तिची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमात प्रॅक्टिकमचे (इंटर्नशिपच्या आधीचा, देखरेखीखालचा सराव) 100 तास आणि इंटर्नशिपचे 600 तास करावे लागतात, त्या 600 पैकी 240 थेट विद्यार्थ्यांबरोबर. आता हे 240 मिळणं पूर्णपणे साइट सुपरवायझरवर, म्हणजे त्या शाळेत तुमच्यावर देखरेख करणाऱ्या काउन्सेलरवर आहे. एखादी शाळा इंटर्नला परीक्षांच्या पेपरांचे गठ्ठे मोजायला बसवते आणि डिसेंबरात लक्षात येतं की थेट तास भरतच नाहीयेत. कोणत्या शाळेत सुपरवायझर दर आठवड्याला खरंच वेळ देते, कुठे इंटर्नला मुलांचे समुपदेशनाचे गट घ्यायला मिळतात, हे विभागाच्या वेबसाइटवर लिहिलेलं नसतं. आमच्या चॅप्टरने माजी विद्यार्थ्यांना बोलवून नुसत्या गप्पा ठेवल्या, पिझ्झा आणि खुर्च्यांचं कडं, एवढंच. त्यातल्या एकीच्या शाळेत मी इंटर्न झाले. सीपीसीई या काउन्सेलिंगच्या सर्वसमावेशक परीक्षेचा अभ्यासगटही चॅप्टरचाच होता. पण शेजारच्या एका विद्यापीठातलं चॅप्टर म्हणजे वर्षातून एकदा इंडक्शन (नव्या सदस्यांना सामील करून घेण्याचा समारंभ), गळ्यात मानाचा दोर, ग्रुप फोटो, टाळ्या. तसलं असेल तर फी वाचव.

खर्चाचा क्रम मी असा लावेन. हातात एकाचेच पैसे असतील तर आधी व्यावसायिक संघटनेचं विद्यार्थी सदस्यत्व, अमेरिकन काउन्सेलिंग असोसिएशन किंवा अमेरिकन स्कूल काउन्सेलर असोसिएशन. कारण त्यासोबत व्यावसायिक जबाबदारीचा (कामातल्या चुकीवरून कुणी दावा लावला तर कामी येणारा) विमा येतो, आणि प्रॅक्टिकमच्या आधी बहुतेक विभाग विम्याचा पुरावा मागतातच. अटी मात्र वाचून घे. सोसायटी त्यानंतर. तिथे राष्ट्रीय वर्गणी वेगळी, चॅप्टरची वेगळी, आणि सदस्यत्व चालू ठेवायचं तर दरवर्षी भरावी लागते, हे घरी आधीच सांगून ठेव.

खजिनदारपद डोळे झाकून घे. म्हणजे हिशोब उघड्या डोळ्यांनी कर! क्लबला जीपीए लागत नाही, कुणीही येऊ शकतं, म्हणून तिथे काम करावं लागतं. आपल्या धंद्यात हेच लागतं. एका काउन्सेलरमागे 250 विद्यार्थी असावेत अशी शिफारस आहे आणि बहुतेक शाळा त्याच्या कितीतरी वर आहेत. माझा अर्धा दिवस पाच माणसांना एका खोलीत एका वेळी आणण्यात जातो. ते कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत.

एफ-1 चं: विद्यार्थी संघटनेतलं बिनपगारी, निवडून आलेलं पद म्हणजे नोकरी नव्हे. मानधन किंवा फीमाफी देत असतील तर मात्र हो म्हणण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसला विचार. तुझी खरी काळजी इंटर्नशिप आहे, त्यासाठी सीपीटी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची परवानगी, लागेल का हे आत्ताच विचारून घे. आठवड्याला 20 तासांच्या वर गेलं की ते पूर्णवेळ धरतात, आणि पूर्णवेळ सीपीटी 12 महिने झाली की ओपीटी, म्हणजे एफ-1 वर आपल्या विषयात, एरवी पदवीनंतर, नोकरी करायची परवानगी, हातची जाते.

ओसरी
मध्येच घुसते. माझी मुलगी इथे दहावीत आहे, तिला शिक्षिकाच व्हायचंय (मी कितीही समजावलं तरी, मी स्वतः शिक्षिका आहे). हायस्कूलच्या मुलांसाठी असं काही असतं का?

सावरी
असतं, आणि चांगलं असतं. एज्युकेटर्स रायझिंग. हायस्कूलच्या मुलांसाठी 'फ्यूचर टीचर्स'चे क्लब इथे 1937 पासून आहेत, त्याच परंपरेतलं 2015 मध्ये आलेलं हे नाव. शाळेत चॅप्टर आहे का बघा. स्पर्धांमध्ये मुलं स्वतः धडा आखून घेऊन दाखवतात, त्यातच निम्म्यांना कळतं आपल्याला हे आवडतं की नाही. कॉलेजात गेली की एनईए या शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेचं अॅस्पायरिंग एज्युकेटर्स बघा, स्टुडंट टीचिंगच्या (शाळेत शिकवण्याच्या सरावाच्या) काळात तिथेही विम्याचं संरक्षण मिळतं. कॅपा डेल्टा पाय नंतर.

पाटीपेन्सिल
बरं, शब्द मागे घेतो. अर्धेच. परदेशी मुलांना 'निवड झाली' म्हटलं की भुरळ पडते आणि ही मंडळी तेच ओळखून असतात, यावर मी ठाम आहे.

रानजाई
सावरीताई, केवढं लिहिलंत, खूप आभार! ती दुसरी ई-मेल उडवली. आईबाबांना फ्रेमचं ऐकून वाईट वाटलं, पण ठीक आहे. एकच शेवटचं: आमचं चॅप्टर त्या फोटोवाल्यांतलं आहे की कामाचं, हे मी नव्या मुलीने ओळखायचं कसं? प्राध्यापकांनाच विचारलं तर उद्धटपणा नाही ना वाटणार?

सावरी
अजिबात नाही, इथे प्रश्न विचारला की रस आहे असं समजतात. सल्लागार बाईंना दोनच गोष्टी विचार: इंडक्शन सोडून गेल्या वर्षी काय काय केलं, आणि माजी विद्यार्थ्यांची यादी चॅप्टरकडे आहे का. यादी आहे असं म्हणाल्या तर भर फी. ती अजून करायची आहे असं म्हणाल्या तर खजिनदार झाल्यावर क्लबतर्फे तूच कर, फी पुढच्या वर्षी बघू. आणि विम्याचं या महिन्यातच उरक, प्रॅक्टिकमची कागदपत्रं सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीच मागतात.