जपानी तलवारीची म्यान पात्यापेक्षा लांब का असते?

मोगरा_पुणे:
टोकियोत र्‍योगोकुच्या तलवार म्युझियममध्ये जाऊन आले. एका काचपेटीत पातं आणि त्याचा सगळा साज (म्यान, मूठ वगैरे) शेजारी शेजारी ठेवला होता, आणि म्यान पात्यापेक्षा चांगलीच लांब दिसत होती. जपानी कारागीर इतके काटेकोर, मग असं का? म्यान दुसऱ्याच तलवारीची असते का? कोणाला माहीत असेल तर नीट सांगा प्लीज.

सह्याद्रीवारा:
थोडी लांब तर असणारच, टोक तळाला टेकायला नको म्हणून जागा सोडतात. पातं पेलतं ते हाबाकीमुळे, म्हणजे पात्याच्या बुडाशी बसवलेला धातूचा पट्टा, तो म्यानेच्या तोंडात घट्ट बसतो आणि बाकीचं पातं फक्त पाठीवर टेकतं, धार कुठेच घासत नाही. पण तुम्ही म्हणताय तो फरक मोठा असेल तर बहुतेक पातं नंतर आखूड केलेलं असणार.

अक्षय_ओसाका:
वरच्यांशी सहमत, आणि हे आखूड करणं सर्रास चालायचं. घोड्यावरून वापरायच्या लांब तलवारी, म्हणजे ताची, पुढच्या काळात कमरेला खोचायला कापल्या, आणि कापतात ते मुठीकडून, कारण टोकाकडून कापलं तर टोकाची पाणी दिलेली धार जाते. जपानी सरदार ओदा नोबुनागाचं उदाहरण घ्या. १५६० मध्ये ओकेहाझामाच्या लढाईत शत्रू सरदार इमागावा योशिमोतोला मारल्यावर त्याची तलवार त्याने घेतली, आखूड करून घेतली आणि मुठीत जाणाऱ्या भागावर त्या विजयाची तारीख सोन्याने कोरून घेतली! ती आज सुमारे ६७ सेंमी आहे.
आता अशी तलवार जुन्या म्यानेत घाला, टोक तळापासून लांब राहणार आणि पातं टोकाकडे निमुळतं असल्यामुळे प्रत्येक ठिकाणी सैल पडून खडखडणार. म्हणून शक्यतो होनोकीच्या लाकडाची नवी म्यान करतात, दोन फाळ्या कोरून भाताच्या खळीने चिकटवतात, म्हणजे पुढे साफ करायला उघडताही येते. पण जुन्या म्यानेवर उत्तम लाखकाम असेल तर ती टाकवत नाही हो, मग आत वेगळं लाकडी अस्तर बसवतात. बाहेरून लांबच दिसते.

मोगरा_पुणे:
अरे वा, अस्तराचं माहीतच नव्हतं. मग मुद्दाम लांब म्यान कोणी करायचं का?

सह्याद्रीवारा:
हो, वाकिझाशीच्या (मधल्या लांबीच्या तलवारीच्या) साजात आत तांतोचं, म्हणजे कट्यारीचं, छोटं पातं, असे नमुने आहेत. तांतो एक शाकूच्या, म्हणजे ३०.३ सेंमीच्या आतलं, वाकिझाशी एक ते दोन शाकू. एदो काळात (१६०३ ते १८६८) व्यापाऱ्यांना मोठी तलवार बाळगायला बंदी होती, वाकिझाशी चालायची, आणि कमरेला काय दिसतं यावर लोकांचं फार लक्ष असायचं. दरबारी ताचीत तर कधी कधी आत लोखंडाची नुसती पट्टी, सगळी शोभा बाहेर.

अक्षय_ओसाका:
अजून एक, १९३० च्या दशकापासून जपानी लष्करी अधिकाऱ्यांनी घरच्या जुन्या पात्यांना लष्करी साज चढवला, तिथेही पातं आणि म्यान वेगवेगळ्या काळातले सापडतात. आणि कोणाकडे जपानी तलवार असेल तर कृपा करून एकाचं पातं दुसऱ्याच्या म्यानेत घालून बघू नका, पॉलिशवर ओरखडा पडला तर तो काढायला परत पोलाद घासावं लागतं आणि घासलेलं पोलाद परत येत नाही. पातं शिरासायात, म्हणजे बिनसजावटीच्या साध्या लाकडी म्यानेत, ठेवतात आणि रिकाम्या साजात लाकडी पातं घालतात, म्युझियममध्ये दोन्ही वेगळे मांडता येतात ते त्यामुळेच.