पेनी ऑक्शन साइटवर पैसे घालावेत का? सल्ला हवाय

निफाडची_सून
नमस्कार मंडळी. आम्ही टेक्सासला असतो, सध्या सासू-सासरे आलेत इकडे. दुपारभर टीव्ही चालू असतो आणि त्यावर त्या पेनी ऑक्शनची जाहिरात सारखी लागते, अमक्या बाईंना टॅब्लेट अठरा डॉलरला मिळाला, तमक्यांना टीव्ही चाळीसला. बाबांना (सासरे) परत जायच्या आधी एक टॅब्लेट घ्यायचाय आणि माझ्या नणंदेसाठी तो मोठा स्टँड मिक्सर, ती नाशिकला घरून केकच्या ऑर्डरी घेते. त्यांचं म्हणणं, अगं इतक्या स्वस्तात मिळतंय तर दुकानात पूर्ण पैसे कशाला मोजायचे. बाबांचं सगळं आयुष्य लासलगावला कांद्याच्या व्यापारात गेलं, लिलाव कसा बोलायचा हे त्यांना कोणी शिकवायला नको, त्यामुळे आपण जिंकणारच अशी त्यांना खात्री आहे.

मी साइट उघडून वाचलं तर आधी बिडचं (म्हणजे बोलींचं) पॅक विकत घ्यायचं, १०० बिड ६० डॉलरला. एक बिड टाकली की वस्तूची किंमत एक सेंटने वर जाते आणि घड्याळ परत काही सेकंदांवर येतं, शून्य झालं की शेवटची बिड ज्याची तो जिंकला. नवरा म्हणतो साठच डॉलर आहेत, हौस आहे तर खेळू दे. मला बाबांचं मन मोडायचं नाहीये पण पैसे पाण्यात जायला नकोत असंही वाटतं. माल खरंच घरी येतो का? सगळ्या साइट फसव्या आहेत की एखादी बरी आहे? कोणी वापरलंय का?

जर्सीवासी
नको. माल येतो, प्रश्न तो नाहीये. हरलेल्या बिडचे पैसे परत येत नाहीत, सगळा प्रश्न तिथे आहे. बाकी सविस्तर कोणीतरी लिहीलच.

हिशेब_पक्का
मी लिहितो, कारण हा विषय मी बराच वाचलाय आणि लोकांचे पैसे यात जाताना बघवत नाही.

पहिलं म्हणजे बाबांना लासलगावचंच उदाहरण द्या, त्यांना लगेच समजेल. बाजार समितीत ट्रॅक्टरभोवती दहा व्यापारी उभे असतात, बोली वाढत जाते, ज्याची सगळ्यात जास्त त्याला माल, बाकीचे नऊ जण खिशाला हात न लावता पुढच्या ट्रॅक्टरकडे जातात. बोली बोलायचे पैसे कोणी मागत नाही. इथे बोली बोलायचेच पैसे आहेत, आणि ते हरणाऱ्याचे पण जातात. आता त्यांना विचारा की प्रत्येक हाक दिली की साठ सेंट समितीला द्यायचे, माल मिळो न मिळो, तर तुम्ही किती वेळा बोलला असतात.

आता त्या अठरा डॉलरच्या टॅब्लेटचं बघू. समजा १८ डॉलर ४० सेंटला सुटला. एका बिडने एक सेंट वाढतो म्हणजे तिथवर पोचायला १८४० बिड पडल्या. साठ सेंटने गुणा, ११०४ डॉलर झाले. वर जिंकणाऱ्याचे १८.४०. म्हणजे दुकानात साडेतीनशेला मिळणाऱ्या टॅब्लेटमागे साइटकडे अकराशेच्या वर जमा झाले. खरं सांगायचं तर सगळ्या बिड पूर्ण भावाने घेतलेल्या नसतात, काही फुकट वाटलेल्या असतात, सेलमध्ये स्वस्त मिळतात, म्हणून अकराशे हा वरचा आकडा धरा. पण बिड निम्म्या भावाने, तीस सेंटने गेल्या तरी साडेपाचशे होतात. जाहिरातीत जे दिसतं ना 'अठरा डॉलरला विकला', ती किंमत नाहीचे, तो मीटर आहे, किती जणांनी किती वेळा पैसे टाकले त्याचा. जितकी स्वस्त दिसते तेवढी पण स्वस्त कोणालाच पडलेली नाही, जिंकणाऱ्यालाही नाही, कारण त्याने स्वतः किती बिड जाळल्या ते जाहिरातीत सांगत नाहीत. त्याने तीनशे टाकल्या असतील तर १८० डॉलर तिथेच गेले.

दुसरं, घड्याळ. नेहमीच्या लिलावात वेळ संपली की संपला. इथे प्रत्येक बिडला वेळ वाढते आणि साइट ऑटो-बिडची सोय देते, म्हणजे तुम्ही झोपलात तरी तुमच्या नावावर बिड पडत राहतात. दोघांनी ऑटो-बिड लावलं की ते एकमेकांचे पैसे संपेपर्यंत चालतं, रात्रभरसुद्धा. शेवटच्या दोन सेकंदात बटण दाबून जिंकायचं हे जे वाटतं ना ते इथे लागूच होत नाही.

आणि शेवटचं, इथवर पन्नास डॉलर गेलेच आहेत, आता सोडलं तर ते वाया जातील, हा विचार. मार्टिन शुबिक नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७१ साली डॉलर ऑक्शनवर लेख लिहिला होता, एक डॉलरची नोट लिलावात काढायची, अट एकच, दुसऱ्या नंबरच्यानेही आपली बोली भरायची. मग एकाने नव्वद सेंट बोललेत आणि दुसऱ्याने एक डॉलर, की नव्वदवाला थांबत नाही, तो १ डॉलर १० म्हणतो, कारण थांबला तर नव्वद जातात आणि जिंकला तर नुसते दहा. पेनी ऑक्शनमध्ये तर नुसता दुसऱ्या नंबरचाच नाही, सगळेच्या सगळे भरतात.

कोथरूडकर_डॅलसमध्ये
मी जरा वेगळं सांगतो. माझ्या ऑफिसमधला एकजण जिंकलाय, गिफ्ट कार्ड आणि एक व्हॅक्यूम क्लीनर. तो म्हणतो की मोठ्या वस्तूंवर जायचंच नाही, आधी नुसतं बघत बसायचं, कोण ऑटो-बिडवर आहे ते ओळखायचं, पहाटे गर्दी कमी असते तेव्हा लहान वस्तूंवर टाकायचं. आणि बऱ्याच साइटवर हरलात तर 'बाय इट नाऊ' असतं, पूर्ण किंमत देऊन वस्तू घ्या आणि वापरलेल्या बिड परत मिळतात, किंवा बिडची रक्कम किमतीतून वजा होते. तसं केलं तर नुकसान नाही ना? सरसकट फ्रॉड म्हणणं मला पटत नाही.

हिशेब_पक्का
@कोथरूडकर फ्रॉड मी म्हटलंच नाही. नियम लिहिलेले असतात, माल येतो. मी म्हणतोय की नियम प्रामाणिकपणे पाळले तरी ग्राहक हरतो, ते जास्त वाईट आहे.

बाय इट नाऊचं बघा. ती 'पूर्ण किंमत' साइटने ठरवलेली असते, दुकानातल्या चालू भावाशी ताडून बघा, शिपिंगसकट. तीस-चाळीस डॉलर जास्त निघाले तर 'नुकसान नाही' कुठे राहिलं. काही साइटवर परत मिळतात त्या बिड, पैसे नाहीत, म्हणजे परत खेळायलाच बसायचं. आणि मुदत असते, ती गेली की संपलं. हां, त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग तोच आहे हे मान्य, जी वस्तू तसंही त्याच भावाने घेणारच होतो तिच्यावरच बिड टाकायची, हरलो तर लगेच विकत घ्यायची.

तुमचा मित्र जिंकतोय यावरही माझा विश्वास आहे. बर्कली विद्यापीठाचे प्राध्यापक नेड ऑगनब्लिक यांनी अशा १ लाख ६६ हजार लिलावांचा डेटा तपासला, २०१६ मध्ये तो पेपर छापून आला, त्यात साइटचा नफा सरासरी ५० टक्क्यांच्या वर निघाला. तो कुणाच्या तरी खिशातून येतोच. बिगडील नावाची एक साइट होती, तिच्या डेटावर दुसऱ्यांनी काम केलं, त्यात दिसलं की नवे लोक येतात, हरतात, थोड्याच दिवसात निघून जातात, आणि मोजके सराईत लोक कमावतात. तुमचा मित्र सराईतांमधला असेल. निफाडचे बाबा पहिल्या दिवशी नव्यांमध्ये असणार, आणि समोर असे पहाटे उठून बसणारे लोक असणार.

मीनल_मिशिगन
@निफाडची_सून, यात अगदीच बनावट साइटसुद्धा असतात हं, जिथे समोरचे बिडर खरे माणूस नसतातच, साइटचेच बॉट (आपोआप बिड टाकणारे प्रोग्रॅम) किमती वर नेत राहतात आणि खरा ग्राहक कधी जिंकत नाही. इथल्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांच्या फसवणुकीकडे बघणारी सरकारी संस्था) २०११ मध्येच पेनी ऑक्शनबद्दल ग्राहकांना सावध केलं होतं. आणि त्याच वर्षी स्वूपो बंद पडली, या प्रकारातली पहिली मोठी साइट, जर्मन कंपनी, २००५ ला टेलिबिड नावाने सुरू झालेली. साइट दिवाळखोरीत गेली की तुमच्या खात्यातल्या शिल्लक बिड कोण वठवून देणार, हाही विचार करा.

अजून एक, मिक्सर इथून नेऊच नका!! इथला स्टँड मिक्सर १२० व्होल्टचा, नाशिकला २३० व्होल्ट. मोठ्या मोटरला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग, शिवाय केकच्या ऑर्डरी म्हणजे रोज तासन् तास चालणार, आणि बिघडला तर तिकडे दुरुस्त कोण करणार. ताईंना तिकडेच भारतातलं मॉडेल घेऊ द्या, तुम्ही पैसे पाठवा. टॅब्लेटचं तसं नाही, त्याचे चार्जर दोन्हीकडे चालतात, फक्त पिन बदलायची.

गॅरेजसेलप्रेमी
बाबांना लिलावाचीच आवड आहे ना, मग खऱ्या लिलावात उतरवा की त्यांना! ईबेवर आपला जास्तीत जास्त आकडा टाकून ठेवायचा, साइट आपोआप गरजेपुरतं वाढवते, हरलो तर शून्य खर्च. गुडविल या धर्मादाय संस्थेची शॉपगुडविल साइट आहे, दान आलेल्या वस्तूंचे लिलाव असतात, कॅमेरे, घड्याळं, जुनी भांडी, मी तिथून पितळी दिवे घेतलेत, फक्त शिपिंग आधी बघायचं कारण कधी कधी वस्तूपेक्षा तेच जास्त. गव्हडील्सवर सरकारी ऑफिसांचं जुनं सामान निघतं, तुमच्या काउंटीतलं काही असेल तर प्रत्यक्ष जाऊन बघता येतं, बाबांना ते फार आवडेल, माझ्या वडिलांना आवडलं होतं, शाळेच्या जुन्या टेबलांभोवती फिरून फिरून बघत होते. बिड टाकायचे पैसे यातल्या कुठेच नाहीत. नोंदणी करताना अटी तेवढ्या वाचा, गव्हडील्सवर जिंकलात तर वर प्रीमियम (बोलीवर जादा शुल्क) लागतो.

टॅब्लेट मात्र लिलावात घेऊच नका. ॲपलचे रिफर्बिश्ड (परत आलेले, तपासून नीट केलेले) त्यांच्याच साइटवर मिळतात, एक वर्षाची वॉरंटी असते. नाहीतर बेस्ट बाय दुकानातला ओपन बॉक्स, म्हणजे कोणीतरी उघडून परत केलेला. घाई नसेल तर थँक्सगिव्हिंगच्या सेलपर्यंत थांबा. ॲमेझॉनवरचा भाव खरंच कमी झालाय का ते कॅमलकॅमलकॅमलवर बघता येतं, जुन्या किमतींचा आलेख दाखवतात.

पुणेकर_७७
भारतात पण असलंच काहीतरी होतं ना? एसएमएस करून सगळ्यात कमी आकडा सांगायचा, आणि तो दुसऱ्या कोणी सांगितलेला नसला की कार तुमची. आता त्याचं ॲप आलंय म्हणून व्हॉट्सॲपवर लिंक फिरतेय, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिघांनी पैसे भरले.

मीनल_मिशिगन
@पुणेकर_७७ ती 'सगळ्यात कमी आणि एकमेव बोली', इथेही प्रत्येक आकड्याचे पैसे घेतात आणि बाकीच्यांनी काय लावलंय ते दिसत नाही, म्हणजे नुसता अंदाज. लिंकवरून आलेल्या ॲपमध्ये पैसे अडकले असतील तर त्या तिघांना वेळ न घालवता १९३० ला फोन करायला सांगा, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे ती, जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जायची शक्यता जास्त. नोंदलेली कंपनी असेल आणि माल देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

निफाडची_सून
सगळ्यांचे मनापासून आभार. काल जेवताना बाबांना तो गुणाकार करून दाखवला आणि बाजार समितीचं पण बोलले. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले म्हणजे हमाली आपण भरायची आणि माल दुसऱ्याने न्यायचा. मिक्सरचं नणंदेला फोन करून सांगितलं, ती तिकडेच बघतेय. गव्हडील्स आम्ही दोघांनी मिळून उघडलं, आमच्या काउंटीत शाळेच्या बसेस निघाल्यात, बाबा तासभर तेच बघत होते.

आता एक प्रश्न उरलाय. बाबांचे एक मित्र रोज पार्कमध्ये भेटतात, गुजराती आहेत, मुलाकडे आलेत. त्यांनी परवाच एका साइटवर मुलाच्या कार्डवरून पॅक घेतलंय, मुलाला अजून सांगितलं नाहीये. बिड एकही वापरलेली नाही. पैसे परत मिळतील का?

हिशेब_पक्का
वापरलेली नाही ना, मग आशा आहे. त्यांना सांगा की आता एकही बिड टाकू नका, फुकटची मिळालेली सुद्धा नाही, कारण बऱ्याच ठिकाणी न वापरलेल्या पॅकवरच रिफंड देतात आणि त्यालाही मुदत असते. आजच साइटला ईमेल करायला लावा, नुसती चॅट नको, लेखी हवं, ऑर्डरचा स्क्रीनशॉट जोडा. खात्यात 'पॅक संपलं की आपोआप नवीन घ्या' असं काही चालू असेल तर ते बंद करा आणि साठवलेलं कार्ड काढून टाका.

आणि मुलाला आज संध्याकाळीच सांगा, कार्ड त्याचं आहे, बँकेशी त्यालाच बोलावं लागणार. न सांगितलेली रक्कम लागली असेल किंवा कबूल करूनही रिफंड दिला नाही तर क्रेडिट कार्ड कंपनीकडे लेखी तक्रार करता येते, ज्या स्टेटमेंटवर ती रक्कम पहिल्यांदा दिसली ते पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत पोचली पाहिजे. नुसतं मन बदललं म्हणून बँक पैसे देणार नाही, त्यामुळे साइटला लिहिलेली ईमेल आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा. डेबिट कार्ड असेल तर मात्र थांबूच नका, पैसे थेट खात्यातून गेलेले असतात, आधी बँकेला फोन लावा. काय होतं ते इथे कळवा.