रिकामी यादी म्हणजे सर्व्हर नाहीत असं नव्हे

भाऊ, तुम्ही वर लिहिलंय की सर्व्हरची यादी देणाऱ्या टूलचं नाव आणि पॅरामीटर (त्याला द्यायची माहिती) दिले की एआय एजंटला, म्हणजे स्वतः टूल वापरून कामं करणाऱ्या एआयला, तेवढं पुरतं. मला ते पटत नाही. माणूस अडला तर शेजारच्याला विचारतो. एजंट बऱ्याचदा हाती आलेल्या मजकुरावरूनच पुढे जातो.

आम्ही जळगावात जिनिंगवाल्यांचं आणि केळी व्यापाऱ्यांचं सॉफ्टवेअर सांभाळतो. सर्व्हर एडब्ल्यूएस या अॅमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या मुंबई रीजनमध्ये (तिथल्या डेटा सेंटरच्या गटात), काही हैदराबादला. ईसी२ची, म्हणजे तिथल्या भाड्याच्या सर्व्हरची, यादी एका कॉलला एकाच रीजनची मिळते. म्हणून आमच्या टूलच्या वर्णनात, म्हणजे एजंट वाचतो त्या मजकुरात, पहिलीच ओळ अशी आहे: 'रिकामी यादी आली तर ती फक्त विचारलेल्या रीजनपुरती समजावी. बाकीचे रीजन तपासल्याशिवाय सर्व्हर नाहीत असं सांगू नये.' त्याखाली, नेक्स्ट टोकन म्हणजे पुढच्या पानाची खूण, तिच्याबद्दल: 'नेक्स्ट टोकन आलं असेल तर यादी अर्धवट आहे, पुढचं पान मागवावं.'

स्थितींबद्दलही लिहाच. टर्मिनेट केलेला, म्हणजे कायमचा काढून टाकलेला, सर्व्हर काही वेळ यादीत दिसत राहतो. स्टॉप केलेल्याचं, म्हणजे नुसता बंद ठेवलेल्याचं, कम्प्युटचं (सर्व्हर चालवण्याचं) बिल थांबतं, पण जोडलेल्या ईबीएस डिस्कचं चालूच राहतं. हे लिहिलं नाही तर एजंट बिनधास्त 'खर्च शून्य' म्हणून मोकळा होईल.

आणि नावांवर तर अजिबात विसंबू नका. नेम टॅग, म्हणजे आपण सर्व्हरला दिलेलं नाव, एकमेव असावा अशी सक्ती नाही, 'धुळे-टेस्ट' नावाचे दोन सर्व्हर खुशाल असू शकतात. पुढची कुठलीही कृती इन्स्टन्स आयडीवरूनच (प्रत्येक सर्व्हरच्या वेगळ्या ओळख क्रमांकावरूनच), हे वर्णनात ठासून सांगा. यादीच्या टूलला परवानगीही फक्त वाचण्याचीच द्या.

तुमचं सध्याचं वर्णन इथे टाकता का? बसून सुधारू.