घरपट्टीची फेरआकारणी : हरकत नेमकी कशावर घ्यावी?

प्रश्न : वेशीजवळचा रहिवासी

सर्वांना नमस्कार. आमचे शहर मराठवाड्यातील 'क' वर्ग नगर परिषदेचे आहे आणि लोकसंख्या पस्तीस हजारांच्या आसपास आहे. प्रशासकांच्या काळात एका खासगी संस्थेकडून सर्व मालमत्तांचे मोजमाप करून घेण्यात आले आणि आता त्या आधारे प्रत्येक घराला विशेष नोटीस आली आहे. माझ्या घराची वार्षिक घरपट्टी आजवर एकोणीसशे रुपयांच्या आसपास होती. नव्या आकारणीत ती पाच हजार सातशेच्या पुढे गेली आहे. घर दुमजली असून तळमजला वडिलांनी बांधलेला, विटांच्या भारवाही भिंतींचा आहे आणि वरचा मजला नंतरचा, आरसीसीचा आहे. रस्त्याच्या बाजूला एक गाळा आहे, परंतु तेथील किराणा दुकान बंद होऊन बराच काळ लोटला आहे आणि आता त्यात घरातलेच सामान ठेवलेले असते.

आमच्या प्रभागात एक छापील अर्ज वाटला जात आहे. 'ही वाढ अन्यायकारक असून ती रद्द करावी' एवढाच त्यातील मजकूर आहे आणि खाली सही करून तो नगर परिषदेत द्यायचा आहे. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत निवडून आलेल्या पदाधिकाऱ्यांनी जाहीर सभेत सांगितले की, पहिल्याच सर्वसाधारण सभेत ठराव घेऊन ही आकारणी रद्द केली जाईल.

सभेला अशी आकारणी ठरावाने रद्द करता येते का? छापील अर्ज पुरेसा ठरेल का? आणि निर्णय होईपर्यंत कर भरावा की थांबावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

उत्तर १ : निवृत्त कर निरीक्षक

आपल्या प्रश्नात मूल्य आणि दर या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. बहुतेक शहरांत सगळा गोंधळ तेथूनच सुरू होतो, म्हणून आधी त्या वेगळ्या करू.

महाराष्ट्र नगर परिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ प्रमाणे घरपट्टी ही घराच्या बाजारभावावर आकारली जात नाही. ते घर भाड्याने दिल्यास वर्षाला वाजवीपणे किती भाडे येईल, याच्या अंदाजावर ती आकारली जाते. त्या भाड्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा केले की करयोग्य मूल्य मिळते. हे मूल्य नगर परिषद एकटी ठरवत नाही. नगररचना विभागाचा अधिकारी प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी म्हणून ते निश्चित करतो. त्या मूल्यावर किती टक्के कर घ्यायचा, हे मात्र शासनाने घालून दिलेल्या मर्यादेत राहून सभा ठरवते.

समजा, घराचे क्षेत्र ६० चौरस मीटर आहे आणि त्या विभागासाठी दरमहा दर चौरस मीटरला २० रुपये धरला आहे. वर्षाचे भाडे १४,४०० रुपये होईल, दहा टक्के वजा जाता करयोग्य मूल्य १२,९६० रुपये राहील आणि एकत्रित मालमत्ता कर पंचवीस टक्के असेल, तर कर ३,२४० रुपये येईल. त्यावर वृक्ष कर, राज्य शासनासाठी वसूल केला जाणारा शिक्षण कर आणि स्थानिक ठरावानुसार इतर कर लागतात. हे आकडे केवळ रीत समजण्यासाठी घेतले आहेत. आपल्या शहरातील दर आपल्याला कर विभागात पाहावे लागतील.

यावरून आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर निघते. मूल्यनिर्धारण अधिकाऱ्याने ठरवलेले मूल्य सभेला ठरावाने पुसता येत नाही, आणि तसा ठराव झालाच तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. सभेच्या हातात आहे तो कराचा दर. मूल्य दुपटीने वाढले असेल, तर दर खाली आणून सामान्य घरमालकावरचा भार हलका करणे हे सभेच्या अधिकारातले काम आहे. पदाधिकाऱ्यांना भेटाल तेव्हा आकारणी रद्द करण्याऐवजी दर कमी करण्याची मागणी करा.

आता छापील अर्जाविषयी. माझ्या सेवाकाळात अशा अर्जांचे गठ्ठेच्या गठ्ठे आलेले मी पाहिले आहेत. त्यांची नोंद होते, सुनावणीचा दिवस दिला जातो, बहुतेक अर्जदार येत नाहीत आणि आलेले 'वाढ जास्त आहे' याखेरीज काही सांगू शकत नाहीत. मग अर्ज निकाली निघतो. अधिकाऱ्याला एखाद्या घराचे मूल्य कमी करायचे असेल, तर त्याच घरासंबंधीचे कारण कागदावर लागते. तेव्हा पुढील गोष्टी तपासूनच हरकत लिहावी.

पहिली गोष्ट क्षेत्रफळाची. मोजणीचा तक्ता नगर परिषदेकडून मागून घ्या आणि फीत लावून स्वतः मोजा. भिंतींसह बाहेरचे माप घेतले आहे की आतले, हे पाहा. उघडा ओटा, जिन्याखालची जागा, गच्चीवरील पत्र्याची शेड यांची भर क्षेत्रात सर्रास पडलेली आढळते. चौरस फुटाचा आकडा चौरस मीटरच्या रकान्यात गेल्याची प्रकरणेही मी हाताळली आहेत. तेथे मूल्य एकदम दहापटीच्या पुढे जाते, त्यामुळे ती चूक निदान लपून राहत नाही. त्रास होतो तो पाच-दहा चौरस मीटरच्या फरकांचा, कारण ते कोणाच्या लक्षातच येत नाहीत.

दुसरी गोष्ट बांधकामाच्या प्रकाराची आणि वयाची. दरपत्रकात आरसीसी, विटा-सिमेंटची भारवाही भिंत, विटा-मातीचे बांधकाम आणि पत्र्याचे छत यांना वेगवेगळे दर असतात आणि जुन्या बांधकामाला कमी दर लागतो. आपला तळमजला भारवाही भिंतींचा असूनही वरचा स्लॅब पाहून मोजणी करणाऱ्याने दोन्ही मजले आरसीसी आणि एकाच वयाचे लिहिले असण्याची दाट शक्यता आहे. जुना बांधकाम परवाना किंवा असेसमेंटचा जुना उतारा जोडला, तर हा मुद्दा बहुधा मान्य होतो.

तिसरी गोष्ट वापराची, आणि आपल्या बाबतीत बहुतेक रक्कम येथेच अडकलेली असावी. बंद गाळा वाणिज्य वापराच्या दराने धरला असेल, तर त्याचा दर निवासी दराच्या कितीतरी वर असतो. नोटिशीत किंवा बिलात रोजगार हमी कराचा रकाना भरलेला आहे का, ते आधी पाहा. तो कर बिगरनिवासी मालमत्तेवरच लागतो. त्यामुळे तेथे रक्कम दिसली की आपला गाळा दुकान म्हणून नोंदला गेला आहे, हे निश्चित समजावे.

---

उत्तर २ : माजी सदस्य, 'ब' वर्ग नगर परिषद

वरील उत्तरातील तपशील अचूक आहे, तथापि एका मुद्द्यावर माझे मत थोडे वेगळे आहे. प्रत्येकाने आपापल्या घरापुरती हरकत घ्यावी हे योग्यच, परंतु काही गोष्टी मुळातच सामूहिक असतात. शहराचे जे विभाग पाडले जातात, त्यांत मुख्य बाजारपेठ आणि तिच्या मागची बोळवजा गल्ली एकाच विभागात टाकली असेल, तर त्या गल्लीतील एकट्या माणसाने कितीही मोजमाप केले तरी त्याचा दर बदलणार नाही. अशा ठिकाणी त्या गल्लीतील सर्वांनी मिळून एकच तपशीलवार निवेदन द्यावे, त्यात प्रत्यक्ष भाड्यांच्या दोन-चार करारांच्या प्रती जोडाव्यात आणि विभागाची सीमा बदलण्याची मागणी करावी. प्रभागात वाटल्या जाणाऱ्या छापील अर्जाऐवजी असे निवेदन तयार झाले असते, तर आपल्या मंडळींचा वेळ सत्कारणी लागला असता.

वाढ एकदम तिप्पट का झाली, याचेही उत्तर शोधायला हवे, नाहीतर पुढच्या वेळी हेच होईल. कायद्याप्रमाणे किमान चार वर्षांतून एकदा आकारणीची यादी नव्याने तयार व्हायला हवी. लोक त्याला चतुर्थ वार्षिक आकारणी म्हणतात. प्रत्यक्षात निवडणूक जवळ आली की आकारणी पुढे ढकलली जाते आणि निवडणूक झाल्यावर नवे सदस्य आल्या आल्या लोकांचा रोष नको म्हणून ती पुन्हा ढकलतात. त्यातूनही झाली, तर मोर्चा निघतो, शिष्टमंडळ मुंबईला जाते आणि मंत्रालयातून स्थगिती येते. स्थगितीचे फटाके आमच्याही शहरात वाजले होते. पुढे जेव्हा आकारणी झाली, तेव्हा साठलेली सगळी वाढ एकाच बिलात उतरली.

नगर परिषदेची बाजूही समजून घ्यावी. १९९९ मध्ये नगर परिषदांची जकात बंद झाली आणि नाक्यावर रोज जमा होणारा पैसा थांबला. त्या बदल्यात शासनाकडून सहायक अनुदान येते, परंतु ते प्रामुख्याने कर्मचाऱ्यांच्या पगारात जाते. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील निधीपैकी आपल्यासारख्या शहरांसाठीचा साठ टक्के भाग पाणीपुरवठा आणि स्वच्छता यांच्यासाठीच बांधलेला आहे. शिवाय मालमत्ता कराची वसुली राज्याच्या सकल उत्पन्नवाढीच्या गतीने वाढली पाहिजे, अशी अट त्या निधीला जोडलेली आहे. पाणीपुरवठ्याच्या पंपांचे वीजबिल, घंटागाडीचे इंधन आणि रस्त्यावरचे दिवे यांसाठी सभेला मोकळेपणाने खर्च करता येईल असा पैसा शेवटी घरपट्टीतूनच यायचा असतो.

सरसकट आकारणी रद्द करा, या मागणीला माझा विरोध आहे तो आणखी एका कारणाने. अशा सर्वेक्षणातून नगर परिषदेला खरी भर पडते ती आजवर यादीतच नसलेल्या बांधकामांतून. वर चढवलेले मजले, लॉजला जोडलेल्या खोल्या, मंगल कार्यालयांचे वाढवलेले सभागृह यांपैकी अनेकांनी वर्षानुवर्षे जुन्याच क्षेत्रावर कर भरलेला असतो. मोर्चाच्या पुढच्या रांगेत कोण चालत आहे, हे एकदा नीट पाहावे. आकारणी रद्द झाली, तर आपले काही हजार रुपये वाचतील आणि त्यांचे काही लाख.

---

उत्तर ३ : कोकणातील गृहिणी

आमच्याकडे मोजणीला आलेल्या मुलांनी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या धाकट्या दिरांच्या कुटुंबाची वेगळी चूल पाहून तो मजला भाड्याने दिला आहे असे लिहून टाकले होते आणि त्यामुळे भाडेकरूचा वाढीव दर लागला. सुनावणीत शिधापत्रिका आणि वारसनोंदीचा उतारा दाखवल्यावर ती नोंद बदलली गेली. हरकतीचा अर्ज देताना दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. सुनावणीच्या दिवशी अर्ज सापडत नाही असे सांगितले गेल्यास तो शिक्काच उपयोगी पडतो.

---

प्रश्नकर्ता : वेशीजवळचा रहिवासी

आपणा सर्वांचे आभार. कर विभागातून मोजणीचा तक्ता मिळवला. दोन्ही मजले आरसीसी दाखवले आहेत, पुढचा उघडा ओटा क्षेत्रात धरला आहे आणि गाळ्यापुढे 'वाणिज्य' अशी नोंद आहे. रोजगार हमी कराचा रकानाही भरलेला आहे. दोन शंका राहतात. गाळ्याचे शटर अजून तसेच असल्यामुळे वापर निवासी आहे हे कसे सिद्ध करावे? आणि वरच्या मजल्याचा बांधकाम परवाना सापडत नाही. हरकत घेतल्याने ते प्रकरण उलट अंगावर येईल का?

---

उत्तर ४ : निवृत्त कर निरीक्षक

शटर असणे हा वापराचा पुरावा होत नाही. गाळ्याला स्वतंत्र व्यावसायिक वीजजोडणी होती का आणि ती बंद केली असल्यास त्याचा कागद आहे का, हे पाहा. घरगुती मीटरवरच तो भाग चालत असेल, तर त्याचे बिल जोडा. दुकानाचा परवाना किंवा जीएसटी नोंदणी रद्द केल्याची पावती असल्यास उत्तम. यांपैकी काहीच नसेल, तर हरकतीतच 'समक्ष स्थळपाहणी करावी' अशी स्पष्ट मागणी लिहा. पाहणीचा अहवाल प्रकरणात आला की निर्णय देणाऱ्याला त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

परवान्याविषयी सांगायचे तर, कर भरल्याने विनापरवाना बांधकाम अधिकृत होत नाही आणि केवळ हरकत घेतल्याने ते उघडही पडत नाही, कारण तो मजला मोजणीत आलेलाच आहे. विनापरवाना ठरल्यास शास्ती लागू शकते, म्हणून हरकतीत त्या मजल्याच्या परवान्याबद्दल विनाकारण काही लिहू नका, मात्र विचारल्यास खोटेही सांगू नका. नगर परिषदेच्या बांधकाम विभागातील जुन्या नोंदवहीत परवान्याची नोंद असू शकते. अर्ज करून तिचा शोध घ्या. वरचा मजला कधी बांधला हे जुन्या वीजबिलावरूनही दाखवता येते आणि वयाच्या मुद्द्यासाठी तेवढे चालते.

कर भरण्याबाबत आपला मूळ प्रश्न राहिला होता. जुन्या दराची थकबाकी असल्यास ती आजच भरून टाका, कारण थकीत रकमेवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते आणि शास्तीमाफीच्या योजनेची वाट पाहण्यात शहाणपण नाही. नव्या दराचे बिल हरकतीचा निर्णय होण्याआधी आले, तर 'हरकतीचा हक्क राखून' असे पत्र सोबत देऊन ते भरावे. सुनावणीनंतरही निर्णय पटला नाही, तर अपिलाचा मार्ग आहे, परंतु त्यासाठी मागणीची रक्कम आधी जमा करावी लागते. त्यामुळे पैसे अडवून ठेवल्याने अपिलाच्या वेळी काहीच हाती लागत नाही.

हरकतीची मुदत नोटिशीवर छापलेली असते. आपली नोटीस कोणत्या तारखेला हाती पडली, ते तिच्यावरच आज लिहून ठेवा आणि मुदतीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. त्या आठवड्यात खिडकीपुढची रांग रस्त्यापर्यंत जाते.