जुनी भट्टी आपोआप विझत नाही

सौर वीज स्वस्त झाली की कोळसा आपसूक मागे पडेल, हे नेहमीचं म्हणणं नव्या प्रकल्पांपुरतं पटतं. पण उभ्या वीजकेंद्राचं भांडवल आधीच खर्च झालेलं असतं; मालक फक्त इंधन आणि देखभालीचा हिशेब बघतो. नव्याला मात्र उभारणीसकट सगळं वसूल करायचं असतं. शर्यत मुळातच असमान.

पोलादाचं बघा. लोहखनिज वितळवून लोखंड काढणाऱ्या झोतभट्टीचं (ब्लास्ट फर्नेस) आतलं अस्तर साधारण 15-20 वर्षांनी बदलावं लागतं आणि खरा निर्णय तेव्हाच होतो. एकदा त्यावर पैसा ओतला की पुढची दीड-दोन दशकं कोक, म्हणजे कोळशापासून बनवलेलं इंधन, जळणारच. कार्बन कर, म्हणजे कार्बन उत्सर्जनावरचा कर, अधल्यामधल्या वर्षी आला, तर मालक कुरकुरत भरेल, भट्टी सहसा मोडणार नाही. गाड्यांची मला तेवढी काळजी नाही, त्या लवकर भंगारात जातात. इमारतींची आहे.